भिंतीतला उसासा

ड्रायरमधून काढलेला लंगोट हाताला सोसवेना इतका गरम होता, आणि तरीही ओला होता.

कस्तुरीने तो पिळून पाहिला. बोटांच्या बेचक्यांतून कोमट पाणी ओघळले. दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांची तीच गत. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चर्र करून नाहीसा होतो, एवढे बारा वर्षांच्या कस्तुरीला ठाऊक होते. मग इतक्या तापलेल्या कपड्यांतले पाणी जाते कुठे? खरे तर, जात का नाही?

तिने लंगोट परत आत टाकले, दार लावले आणि खटका दाबला. ड्रम घरघरत फिरू लागला. काही वेळाने तिने पुन्हा दार उघडले. ड्रम थांबला. आणि त्याच क्षणी ड्रायरच्या मागच्या भिंतीतून कुणीतरी लांबलचक उसासा टाकला.

"हाऽऽऽश्श..."

कस्तुरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने मान वळवली. दारात हरखू उभा होता.

हरखू म्हणजे घरातला हरकाम्या यंत्रमानव. ड्रमसारखे पोट, दोन लांब हात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना बशीएवढे कान. त्याचे हिरवे डोळे भिंतीवर खिळले होते.

"ताई," तो आपल्या एकसुरी आवाजात म्हणाला, "भिंतीत कोणीतरी बोलतंय."

"काय बोलतंय?"

"ते मला कळत नाही. पण एकजण नाही. पुष्कळ आहेत."

कस्तुरीने कान टवकारले. ड्रायर बंद होता. खिडकीबाहेर दुपार असूनही तिन्हीसांज झाल्यासारखे धुके दाटले होते. तिला काहीएक ऐकू आले नाही. आणि म्हणूनच ती जास्त घाबरली.

ही गोष्ट फार पुढच्या काळातली नाही. घरकामाला यंत्रमानव सर्रास मिळू लागले होते, पण दरड कोसळली की घाट अजूनही बंदच व्हायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर, वाघझरीच्या पठारावर ढगांचा अभ्यास करणारे एक केंद्र होते. कस्तुरीची वृंदाआत्या तिथली शास्त्रज्ञ. कस्तुरीचे आईबाबा कामासाठी परदेशी गेले, म्हणून ती चार महिने आत्याकडे राहायला आली होती. शाळा काय, पडद्यावर कुठूनही भरत असे. आत्यालाही हे घर नवेच होते. आधीचे लोक हिवाळ्यात सोडून गेले, तेव्हापासून ते कुलूपबंद पडलेले. आत्याचे यजमान श्रीधरकाका सामान आणायला खाली गेले आणि मागे दरड कोसळली. आता घरात आत्या, कस्तुरी, हरखू आणि आत्याचे पाच महिन्यांचे बाळ, निहार, एवढेच उरले होते.

निहारचे विकतचे लंगोट संपले होते. जुन्या सुती धोतराचे लंगोट शिवले, पण धुतलेले वाळतील तर शपथ! धुक्याने दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास यायचा. ओलसर लंगोटांनी बाळाची मांडी लाल झाली होती, त्यात त्याला सर्दी. काल रात्रभर आत्या त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती.

आणि एकमेव आधार असलेला ड्रायर उसासे टाकत होता.

"आत्या, जरा इकडे ये ना!" कस्तुरीने हाक मारली.

आत्या बाळाला कडेवर घेऊन आली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. कस्तुरीने तिला ओले लंगोट दाखवले, उसाशाबद्दल सांगितले. मग जरा चाचरत म्हणाली, "आणि ते बघ."

तिने बोट दाखवले तिथे, ड्रायरच्या मागच्या भिंतीवर ओलीचा एक काळपट डाग होता. वर गोल डोके, खाली रुंद खांदे, मग धड. कुणी माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहावा आणि नुसती सावली ठेवून निघून जावा, तसा.

"काल तो खांद्यांपर्यंतच होता," कस्तुरी हळूच म्हणाली. "आज कमरेपर्यंत आलाय. ड्रायर लावला की तो वाढतो."

आत्या हसली नाही. कस्तुरीला तिचे हेच आवडायचे. ती डागाजवळ गेली आणि तिने तळवा भिंतीला लावला.

"ओल ताजी आहे," ती म्हणाली. "म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. कस्तू, भीती वाटली की मी एक करते. जे दिसलं ते वेगळं काढते आणि जे वाटलं ते वेगळं. तुला दिसलं काय काय?"

कस्तुरीने विचार केला. "कपडे गरम आहेत. कपडे ओले आहेत. भिंत ओली आहे. दार उघडलं की आवाज येतो."

"आणि भुताटकी?"

"ती वाटली," कस्तुरी ओशाळून म्हणाली.

"मग तिला जरा बाजूला बसू दे. आधी सांग, कपडा वाळतो म्हणजे काय होतं?"

"पाण्याची वाफ होते. बाष्पीभवन."

"बरोबर. बाष्पीभवन (पाण्याने वाफेच्या रूपात हवेत मिसळणे) उष्णतेनं लवकर होतं. पण ती वाफ हवेत मावायला हवी. हवा म्हणजे एसटीची गाडी समज. गाडी गच्च भरली, की स्टँडवर कितीही माणसं ताटकळू देत, एकही आत शिरत नाही. तशी वाफेनं गच्च भरलेली हवा आणखी वाफ घेत नाही. तिला संपृक्त हवा (जिच्यात आणखी वाफ मावत नाही अशी हवा) म्हणतात. हवा तापवली की गाडी मोठी होते, जास्त माणसं मावतात. पण शेवटी तीही भरतेच."

कस्तुरी एकदम म्हणाली, "आत्या! गरम पोळ्या डब्यात घालून लगेच झाकण लावलं, की त्या ओल्या होतात. वाफ बाहेरच जात नाही!"

"आता कसं बोललीस! ड्रायर कपडे नुसते तापवत नाही. तो कोरडी हवा आत ओढतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि वाफेनं भरलेली हवा पंख्यानं बाहेर फेकतो. या मागच्या पातळ पत्र्याच्या, चुण्यांच्या नळीतून, भिंतीतून, थेट वळचणीखालच्या भोकापर्यंत. आपली भरलेली गाडी स्टँडवरून हलतच नाहीये."

"डॉक्टरबाई," हरखू मध्येच आत्याला म्हणाला, "ते पुन्हा बोलू लागले. आता जोरात."

निहार कुरकुरला. आत्याने त्याच्या पाठीवर थोपटले. "हरखूच्या कानांत दमट हवा शिरली असणार," ती म्हणाली. "या धुक्यात माझी निम्मी यंत्रं काहीबाही सांगतात. तू लक्ष देऊ नकोस."

पण कस्तुरीचे लक्ष होते. हरखूचे बशीएवढे कान भिंतीच्या वरच्या भागाकडे, छताजवळ, हळूहळू वळत होते. कुणी तिथून सरकत चालले असावे तसे.

आत्याने ड्रायरची गाळणी (कपड्यांतून सुटलेला कापूस अडवणारी जाळी) उपसून पाहिली. स्वच्छ होती. तिने पुन्हा खटका दाबला. ड्रम फिरला, पंखा घोंघावला. थोड्या वेळाने आतून बारीक "टक्" असा आवाज आला. ड्रम फिरतच राहिला. कस्तुरीने दारावर हात ठेवला. काच हळूहळू गार पडत गेली, आजारी माणसाचे हातपाय गार पडावेत तशी.

"गेला," आत्या म्हणाली.

"ड्रायर?"

"बघू या. पहिला नियम?"

"आधी वीज तोडायची."

"नुसता खटका बंद नाही. प्लगच उपसायचा. आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तू असल्या यंत्राचं झाकण उघडायचं नाहीस. कळलं?"

बाळाला पाळण्यात ठेवून आत्याने केंद्राच्या भांडारातून सुटे भाग आणि मल्टिमीटर (वीज कुठून वाहू शकते आणि कुठे अडते ते दाखवणारे उपकरण) आणले. हरखूने ड्रायर भिंतीपासून पुढे ओढला. मागचा पत्रा काढल्यावर आतले तारांचे जंजाळ दिसले.

"ड्रम फिरतो, म्हणजे मोटर शाबूत," आत्या म्हणाली. "उष्णता नाही, म्हणजे हीटर तरी गेला, नाहीतर त्याच्या वाटेवरचं काही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. दोन एकदम बदलल्या, तर कशानं गुण आला ते कळत नाही."

तिने दोन्ही बाजूंच्या तारा सोडवल्या आणि मल्टिमीटरच्या सुया हीटरच्या टोकांना लावल्या. "टींऽ" आवाज आला. हीटर चांगला होता. मग नखाएवढ्या एका पांढऱ्या तुकड्याला लावल्या. आवाज नाही. पुन्हा लावल्या. नाही.

"हा उष्णता-फ्यूज (मर्यादेपलीकडे तापले की स्वतः तुटून वीज बंद करणारा भाग). याचं कामच मुळी मरायचं असतं."

"मग नवा लावू या! आहे ना आपल्याकडे?"

"आहे. पण तो लावला की काय होईल?"

कस्तुरीने क्षणभर विचार केला. "तोही मरेल. कारण गरम हवा कोंडलेलीच आहे."

"आणि न मेला, तर त्याहून वाईट. फ्यूज जाणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. आधी रोग शोधायचा."

आत्याने ड्रायरमागची पातळ पत्र्याची नळी सोडवली. तिच्या सांध्यावरची पट्टी सैल होती. सांधा नेमका भिंतीवरच्या 'डोक्या'समोर आला होता. कस्तुरीने एकदा सांध्याकडे आणि एकदा डागाकडे पाहिले.

"इथून ओली हवा भिंतीवर फुंकली जात होती! भिंत गार, म्हणून वाफेचं पुन्हा पाणी झालं."

"संघनन (वाफ गार होऊन तिचे पुन्हा पाणी होणे)," आत्याने जोड दिली. "आणि उसासा?"

कस्तुरीने ती मऊ, चुण्यांची नळी दाबून पाहिली. तोंडाने तिच्यात जोरात फुंकर घातली. दुसऱ्या बाजूला आत्याने तळवा दाबून धरला होता. नळी किंचित फुगली. तोंड बाजूला केल्यावर ती "हाऽश्श" करत बसली.

पंखा चालू असेपर्यंत नळी फुगलेली राहायची आणि दार उघडून पंखा थांबला की उसासा टाकायची. एवढेच! कस्तुरीला हसू आले. भिंतीवरच्या माणसाकडे तिने पहिल्यांदाच सरळ पाहिले. तो आता नुसता डाग होता.

तारा जोडून, मागचा पत्रा तात्पुरता लावून आत्याने नळीशिवायच ड्रायर क्षणभर चालवला आणि प्लग पुन्हा उपसला. मागच्या भोकासमोर धरलेला कागद तेवढ्यात फडफडत उडून गेला होता. म्हणजे पंख्याला दम होता. वाट अडली होती ती भिंतीतच.

आत्याने कोपऱ्यातली लांब कामटी उचलली. "आता बाहेरच्या बाजूला कड्याचा उतार आहे, तिकडून शिडी लागणार नाही. इथूनच ढोसते. काय अडकलंय ते जाईल पलीकडे."

"डॉक्टरबाई," हरखू म्हणाला, "तिथे ते आहेत."

आत्याने कामटी भोकात घातली. आत्तापर्यंतच्या प्रत्येक गोष्टीचा उलगडा झाला होता. उसाशाचा, डागाचा, ओल्या कपड्यांचा. पण बोलण्याचा झाला नव्हता. नळी बोलत नाही. ओल बोलत नाही.

"आत्या, थांब." कस्तुरीने कामटी धरून ठेवली.

"कस्तू, बाळ उठेल आता. एक घाणा वाळवून होऊ दे गं."

"पण हरखूला ऐकू येतंय ना! ते आपण तपासलंच नाही. कान बिघडलेत असं तुला नुसतं वाटलंय."

आत्याचा चेहरा कडक झाला. रात्रीचे जागरण, बाळाचा खोकला, बंद घाट, सगळे तिच्या कपाळावर गोळा झाले होते. "मी काय भुतं तपासत बसू?" ती तीक्ष्ण स्वरात म्हणाली.

कस्तुरीचे डोळे भरून आले, पण तिने कामटीवरचा हात काढला नाही. "जे दिसलं ते वेगळं आणि वाटलं ते वेगळं, असं तूच म्हणालीस."

पाळण्याची कडी किरकिरली. आत्याने हळूच कामटी बाहेर काढली.

"हरखू," ती म्हणाली, "तुझे कान कशासाठी बनवलेत?"

"नळांची गळती शोधण्यासाठी. बारीक भोकातून वायू सुटला की फार उंच आवाज होतो. माणसांना तो ऐकू येत नाही."

"श्राव्यातीत ध्वनी!" आत्या पुटपुटली. मग कस्तुरीकडे वळली. "आवाज म्हणजे हवेची थरथर. थरथर जितकी जलद, तितका आवाज उंच. एका मर्यादेपुढं आपल्या कानांना ती कळतच नाही. त्याला श्राव्यातीत ध्वनी (माणसाला ऐकू येण्याच्या पलीकडचा उंच आवाज) म्हणतात. हरखू, तो आवाज आमच्या कानाइतका खाली आणता येईल?"

"हो. संथ करून वाजवतो."

हरखूच्या पोटातून आधी नुसती खरखर आली. मग कुजबुज. कस्तुरीने आत्याचा हात घट्ट धरला. ती एकाची कुजबुज नव्हती. देवळातल्या अंधाऱ्या गाभाऱ्यात पुष्कळ माणसे एकदम दबक्या आवाजात बोलावीत, तशी ती खोलीभर पसरली. मध्येच चटचट असे टिचकीसारखे आवाज. मध्येच कुणाची तरी लांब, चढत जाणारी हाक. आणि तिला उत्तर देणारी दुसरी, बारीक, थरथरती.

"ही लहानांची हाक आहे," हरखू म्हणाला. "मोठ्यांचं उत्तर येईपर्यंत ती थांबत नाही."

पाळण्यात निहार जागा झाला आणि रडू लागला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. आत्याने हातातली कामटी खाली ठेवली.

"वटवाघळं!" ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "छोटी, किडे खाणारी. घर बंद होतं तेव्हा वळचणीखालच्या भोकातून आत शिरली असणार. आणि त्यांची पिल्लं झालीत. कस्तू, मी ढोसलं असतं तर..."



दोघींनी तोंडाला मुखपट्ट्या बांधल्या, जाड हातमोजे चढवले. रानातल्या जिवांना उघड्या हाताने कधी शिवू नये, त्यांचे आजार आपल्याला आणि आपले त्यांना लागू शकतात, हे आत्याने आधी बजावले. मग ढकलण्याऐवजी तिने चिमट्याने अडलेली वस्तू आतल्या बाजूला अलगद ओढली. भिंतीतल्या वळणावर कापसाचा करडा, ओला बोळा घट्ट बसला होता. आधी राहिलेल्यांच्या कपड्यांतला वर्षानुवर्षांचा कापूस. गरम हवा त्यालाच येऊन थडकत होती, म्हणून तर ती पलीकडच्या जिवांपर्यंत पोचली नव्हती.

"वाळला असता, तर हा बोळा ठिणगीसरशी पेटला असता," आत्या म्हणाली.

कस्तुरीने विजेरी अगदी मंद करून भोकात डोकावले. दूर, वळणाच्या कडेशी, मोहरीएवढे डोळे चमकले. मग आणखी. मग आणखी. एक आई पंखांची दुपटी करून उलटी लटकली होती आणि तिच्या पोटाशी उघडे, गुलाबी काहीतरी हलत होते.

कस्तुरीने विजेरी विझवली.

"ही वाट त्यांची," ती म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत तरी."

"आणि आपल्या वाफेची वाट?"

कस्तुरीने खोलीभर नजर फिरवली. ड्रायरच्या बाजूला छोटी खिडकी होती. "तिथून! नळी पण आखूड होईल."

"शाब्बास! जितकी आखूड आणि सरळ वाट, तितकी हवा लवकर बाहेर."

भिंतीतले भोक त्यांनी आतून फळीने घट्ट बंद केले, बाहेरचे तसेच उघडे ठेवले. हरखूने खिडकीच्या मापाची प्लायची फळी कापली, तिला गोल भोक पाडले. कस्तुरीने नवी नळी बसवून सांध्याची पट्टी आवळली, वरून पत्र्याची चिकटपट्टी गुंडाळली. नवा उष्णता-फ्यूज तिनेच तारांमध्ये जोडला. आत्याने तो ओढून पाहिला, मग मागचा पत्रा लावला आणि सर्वांत शेवटी प्लग.

ड्रम फिरू लागला. खिडकीबाहेर नळीच्या तोंडातून वाफेचा पांढरा झोत निघाला आणि धुक्यात मिसळून गेला. कस्तुरी काचेला नाक लावून बघत राहिली. भरलेली गाडी एकदाची स्टँड सोडून निघाली होती.

दार उघडले तेव्हा उसासा आला नाही. लंगोट बाहेर आले ते कुरकुरीत पापडासारखे. आत्याने एक निहारच्या अंगाला लावला. तो आधी दचकला, मग त्याने आपली मूठ त्या उबदार कापडात खुपसली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा, न रडता, झोपून गेला. आत्याने कस्तुरीच्या केसांवर हात ठेवला.

"मघाशी चिडले तुझ्यावर," ती म्हणाली. "बरं झालं हट्ट सोडला नाहीस."

संध्याकाळी वारा सुटला आणि धुके थोडे विरळ झाले. कस्तुरी आणि हरखू अंगणात आले. वळचणीखालच्या काळ्या भोकातून एक सावली सुटली आणि दरीवर झेपावली. मग दुसरी. मग सावल्यांची माळच लागली. हरखूने त्यांचे आवाज संथ करून वाजवले. भोवतालच्या राखाडी हवेत हाका उठल्या आणि विरल्या. कस्तुरीच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण या वेळी तिला आत पळावेसे वाटले नाही.

"हरखू," तिने विचारले, "तुला आणखी काय काय ऐकू येतं? जे आम्हाला येत नाही ते?"

हरखूचे कान दरीकडे वळले, मग खाली जमिनीकडे, मग पलीकडच्या काळ्याशार झाडीकडे. तिथेच थांबले.

"पुष्कळ," तो म्हणाला. "रोज येतं. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

कस्तुरी ओट्यावर मांडी घालून बसली आणि तिने त्याला शेजारी बसायची खूण केली.

"मी विचारतेय," ती म्हणाली.